माप

आज्जा चपला करायचा, आणि वर्षातून एकदा टोपी.
शिकारखान्यातून निरोप यायचा,
मग दस्तगीर चित्तेवान लवंगीला घेऊन
थेट आमच्या फळीपाशी.
गल्ली तेवढ्यापुरती भिंतीला टेकलेली.

लवंगी आफ्रिकेतून बोटीनं आली, पुढं रेल्वेनं,
पुढं बैलगाडीत, खाटेला बांधून.
वाऱ्याला मागं टाकणारं जनावर
इथवर एक पाऊल न धावता आलं होतं.

आज्जा सुती दोरा भिजवून घ्यायचा.
कानामागून, जबड्याखालून,
डोळ्यांतून ओघळलेल्या त्या दोन काळ्या रेघांवरून,
आणि गाठ मारायचा. ती घुरघुरायची.
दस्तगीर म्हणायचा, बघ, खूश हाय.
खोटं नव्हतं ते. तो तिच्या शेजारीच निजायचा,
तिला ताप आला तर जेवायचा नाही.
आज्जाला ते दिसायचं.
पण म्हणायचा,
चप्पल चावली तर गिऱ्हाईक परत येतं,
पाय पुढं करून दाखवतं, हितं.
टोपी चावली तर कोण येणार?

टोपीला आतून मऊ शेळीचं कातडं.
डोळ्यांच्या जागी भोकं नाहीत.
हे सांगताना आज्जा दर वेळी थांबायचा,
जणू मी काही विचारणार आहे.
मी लहान होतो. मी विचारलं, पैसे किती मिळायचे?

एकदा माप चुकलं.
आयुष्यात एकदाच, म्हणायचा तो.
(त्यांचं माप चुकत नसतं, असं माझी आई म्हणायची.)
भर बाजारात टोपी घसरली.
वांग्यांचे ढीग टाकून बायका पळाल्या,
एक पोलीस सोनाराच्या दुकानात शिरला.
लवंगी बसून राहिली.
इकडं बघितलं, तिकडं बघितलं,
सांडलेल्या कोथिंबिरीचा वास घेतला,
आणि दस्तगीरनं टोपी उचलेपर्यंत मान खाली धरली.
लोक म्हणाले, केवढी माणसाळलीय.
आज्जा म्हणायचा, पळायला जागा कुठं होती?
जिकडं बघावं तिकडं आपणच की.

ती कधी व्याली नाही.
दोन नर आणून बघितले, मांस वाढवलं, नवस बोलले.
दस्तगीर म्हणायचा, नशीब.
आज्जा काहीच म्हणायचा नाही,
आरी दगडावर घासत बसायचा.

परवा उजळाईवाडीकडचा एक पोरगा आला,
शर्टाच्या खिशात माकड.
मुठीएवढं, कानांना पांढरे झुपके.
ऑनलाइन घेतलंय म्हणाला, कागद आहेत सगळे.
त्याला पट्टा पाहिजे होता, कोल्हापुरी,
वेणी घातलेला, गोंड्यासकट.
वाईट नव्हता पोरगा. केळं आधी स्वतः चाखून
मग त्याला भरवत होता.
"लय जीव आहे माझा ह्याच्यावर, काका."

मी दोरा भिजवला.
छातीभोवती घेतला, तर बोटाखाली
काहीतरी धडधडत होतं, मोजता येणार नाही इतकं भरभर.
आणि डोळे उघडे, माझ्याकडे.
टोपीचं काम तरी सोपं होतं.
गाठ मारली. सवयीनं.

म्हणालो, हे काम व्हायचं नाही.
"का? चामडं नाही?"
चामडं नाही, म्हणालो.
माझ्या पाठीमागं भिंतभर चामडं टांगलेलं.
त्यानं ते बघितलं. मीही वळून बघितलं.

पुढच्या दुकानात त्याला तासाभरात पट्टा मिळाला.
गोंडा लाल.

आज्जानं नाही म्हणायला हवं होतं का, ठाऊक नाही.
त्या टोप्यांवरच आमच्या घराची कौलं चढली,
त्याच कौलांखाली बसून मी हे बोलतोय.

दोरा अजून खिळ्याला आहे, रापीशेजारी.
ओला होता तेव्हा बरा लांब वाटला.
वाळून आखडलाय.
काल त्यात बोटं घालून बघितली.
दोन बसतात.
तिसरं बसत नाही.